धुऱ्यावरचा तरवड

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वाशीम, बुलढाणा, यवतमाळकडे निघालात की बरडीवर, मुरमाड माळावर, रस्त्याच्या कडेला हे पिवळं झुडूप दिसणारच. तरवड. नवरात्रात घटाला याच फुलांची माळ घालतात, आणि यवतमाळच्या खाली पैनगंगा ओलांडली की तेलंगणात हेच राज्यफूल आहे, बतुकम्मा म्हणजे सणातला फुलांचा मनोरा रचताना तिथल्या बायका याच फुलांचे थर लावतात. आपल्याकडे मात्र धुरा, म्हणजे शेताचा बांध, साफ करायचा म्हटलं की पहिला विळा यालाच, आता तर थेट तणनाशक मारतात. खरंच बघवत नाही.

आता फूल जवळून बघा. पाच पाकळ्या, दहा पुंकेसर, त्यातले वरचे तीन वांझ आणि खालचे लांब, वाकलेले. यात मध अजिबात नसतो, फक्त पराग, आणि तोही पुंकेसराच्या टोकाच्या बारीक छिद्रातूनच बाहेर पडतो, म्हणून तो काळा मोठा भुंगा फुलाला घट्ट धरून अंग थरथरवतो, तो गुंऽऽ आवाज ऐकू येतोय ना, त्या हादऱ्यानं पराग उडतो अन् त्याच्या अंगाला चिकटतो.

साल पूर्वी कातडं कमवायला जायची, काडीचं दातवण करायचे. शेंगवर्गातलंच झाड आहे, पण हरभऱ्यासारख्या गाठी याच्या मुळांवर येत नाहीत, त्यामुळे जमिनीत नत्र वाढेल म्हणून लावू नका. लावायचं ते धुऱ्याची माती धरायला, भुंग्या-माश्यांसाठी, आणि बकऱ्या याला सहसा तोंड लावत नाहीत म्हणून राखणही लागत नाही.

लावणं सोपं आहे पण रोप उपटून आणू नका, सोटमूळ खोल जातं, ते तुटलं की झाड बसतच नाही. बीच घ्या. शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ असतात, तपकिरी होऊन वाळल्या की तोडायच्या. तरोट्याची, म्हणजे टाकळ्याची, शेंग लांब, बारीक अन् वाकडी असते, गल्लत करू नका. बीचं कवच लय टणक, तसंच पेरलं तर बरंचसं नुसतं पडून राहतं. पाणी उकळून चुलीवरून उतरवा, जरा थांबा, त्यात बी टाका आणि रातभर राहू द्या, सकाळी फुगलेलं बी वेगळं काढा, जे फुगलं नाही ते परत तसंच करा. मग मृगाचा पाऊस बरा झाला की धुऱ्यावर जागेवरच टोबायचं, बोटाच्या एका पेराइतकं खोल, एका ठिकाणी दोन-तीन बिया. चिबड जमिनीत नको, पाणी साचलं की मूळ सडतं. पहिल्या वर्षी झाड वर फारसं दिसत नाही, ताकद सगळी मुळात जाते, तेव्हा निंदताना तेवढं सांभाळा, मजुरांनाही आधी दाखवून ठेवा.

आणि पानं कुरतडलेली दिसली तर लगेच पंप घेऊन धावू नका. त्या हिरव्या अळ्या फिकट पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांच्या असतात, त्या याच जातीच्या झाडांवर वाढतात, पऱ्हाटीवर (कपाशीवर) किंवा तुरीवर जात नाहीत, आणि पाऊस असला की तरवडाला नवी पानं परत फुटतात.