खांड पडली की

(दृश्य : धरमतर खाडीचा काठ. ओहोटी. बांधावरून चालणारी पावलं.)

अलिबागहून पेणकडे जाताना पोयनाड सोडलं की रस्त्याच्या कडेने सपाट भातशेती लागते. पर्यटकांच्या गाड्या इथे थांबत नाहीत, त्यांना किनारा हवा असतो. हा आमचा खारेपाट. खाडीच्या चिखलातून बांध घालून मागच्या पिढ्यांनी काढलेली जमीन. उधाणाच्या वेळी खाडीचं पाणी आमच्या शेतापेक्षा उंच असतं, आणि दोघांच्या मधे उभा असतो तो मातीचा बांध. आम्ही त्याला बाहेरकाठा म्हणतो.

याच जमिनीसाठी १९३३ साली चरी गावात कुळांनी संप पुकारला. नारायण नागू पाटील पुढे होते. सहा वर्षं शेतं पडीक राहिली, लोकांनी लाकडं विकून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. जमीन कसणाऱ्याची की खोताची, हा तेव्हाचा वाद. आजचा वाद खाडीशी आहे, आणि खाडीला संप कळत नाही.

(दृश्य : उघाडी, अगदी जवळून. झाकणावर शेवाळ.)

ही उघाडी. बांधाच्या पोटातून गेलेली मोरी, आणि खाडीकडच्या तोंडाला वरून टांगलेलं झाकण. भरती चढली की खाडीचंच पाणी झाकण दाबून बसवतं. ओहोटी लागली की शेतात साठलेलं पावसाचं पाणी तेच झाकण लोटून बाहेर पडतं. ना मोटर, ना वीज. फक्त फटीत एखादी फांदी किंवा प्लॅस्टिकची बाटली अडकता कामा नये. अडकली, तर झाकण पुरतं बसत नाही आणि रातोरात खारं पाणी आत. म्हणून इथला जुना शेतकरी सकाळी शेताआधी उघाडी बघतो.

मग बांधावरून चालायचं, नजर खाली ठेवून. चिंबोरीचं, म्हणजे खेकड्याचं, बीळ दिसलं की थांबायचं, पायाने दाबून बघायचं. बीळ आरपार गेलं तर पाणी झिरपतं. झिरप्याची धार होते, धारेची खांड, म्हणजे बांधाला पडलेलं खिंडार.

भरती दिवसातून दोनदा, रोज पाऊण-एक तास पुढे सरकणारी. त्यामुळे इथलं काम घड्याळापेक्षा तिथीवर चालतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे भरतीचा जोर सगळ्यात कमी. डागडुजी करायची ती भांगात. आता घरातली पोरं कंपनीत पाळी करतात, आणि सुपरवायझरकडे रजा मागताना ‘उद्या उधाण आहे’ हे कारण चालत नाही!

(दृश्य : फुटलेला बांध. पाणी आत शिरताना.)

खांड पडली त्या दिवशी ती चार माणसं आणि काही घमेली चिखल एवढ्याचं काम असते. पण पाणी येतानाही माती नेतं आणि जातानाही नेतं. दर भरती-ओहोटीला खांड रुंद होते, खोल होते. आठवड्याने तिथे होडी जाईल अशी स्थिती. पूर्वी आरोळी गेली की अख्खं गाव उतरायचं. पेंढा, बांबू, चिखलाचे गोळे, हाताला हात लावून. आता जेसीबी मागवावा तर तो ओल्या बांधावर रुततो. अर्ज करावा तर पाहणी, अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा. कागद हलेपर्यंत किती उधाणं येऊन जातात ते मोजणाऱ्याने मोजावं.

आता या सगळ्यात हवामान बदल कुठे आला? १९०१ ते २०१८ या काळात जगभरात समुद्राची पातळी सरासरी २० सेंटिमीटरने वाढली, आणि २००६ नंतर वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरवर गेला. ऐकायला किरकोळ. पण बांध फुटतो तो सरासरीने नव्हे, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या उधाणाने. त्यात वादळं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. पौर्णिमा दोन दिवसांवर होती. पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून वर गुजरातला गेलं.

पाऊसही बेभरवशाचा झालाय. खार जमिनीला सुरुवातीचा पाऊस धुऊन काढतो, तेव्हाच भात होतं. मधेच उघडीप पडली की मीठ वर येतं आणि रोपांची टोकं करपतात. राता हे जुनं लाल भात अशा जमिनीत तग धरतं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सोसणाऱ्या पनवेल-१, २, ३ या जाती दिल्या. चांगल्या आहेत. पण क्षार सोसणं वेगळं आणि शेतात रोज भरती येणं वेगळं. तिथे कुठलंच बियाणं कामाचं नाही.

(दृश्य : शेतात उगवलेली तिवरं.)

खांड बुजली नाही की दोन-तीन वर्षांत शेतात तिवरं, खाऱ्या पाण्यातली झाडं, उगवतात. सातबारा आमच्या नावावर, आणि उभं कांदळवन. ते तोडायला बंदी आहे. २००५ पासून उच्च न्यायालयाचे आदेश आहेत, आणि आमच्या मते ते योग्यच आहेत. बांधाबाहेर तिवरं हवीतच, लाटेचा जोर तीच मोडतात. पण ज्याचं शेत केवळ खांड वेळेत बुजली नाही म्हणून गेलं, त्याने कुणाच्या दारात जायचं? काहीजण तळी खणून जिताडा मासा सोडतात. जिताडा खाऱ्या-गोड्या दोन्ही पाण्यात वाढतो, भावही चांगला मिळतो. ज्याची जमीन मोठी त्याला ते जमतं. लावणीला मजुरीवर येणाऱ्या बाईला तळ्यावर काम नसतं.

कालव्यावर पाटकरी असतो, पाणी कुठे फुटलं ते बघायला. बाहेरकाठ्यावर असा पगारी माणूस का नको? गावातलाच, तिथी कळणारा. त्याला एक कोयता, घमेलं, फोन, आणि खांड दिसली त्याच दिवशी कुणाच्या सहीशिवाय दहा माणसं लावायची मुभा. ग्रामसभेत हा ठराव मांडायचा आहे. पावसाच्या आधी.