चीनमधला कम्युनिझम घरात कुठं दिसतो? हुकौची पुस्तिका उघडून बघू

नमस्कार मंडळी. चीनवरचा कुठलाही व्हिडिओ टाकला की खाली दोन प्रकारच्या कमेंट येतात. एक, "चीनमध्ये आता कुठला कम्युनिझम, सगळे मॉलमध्ये फिरतात." दोन, "तिथं प्रत्येक माणसाला सरकार मार्क देतं, मार्क कमी झाले की रेल्वेचं तिकीट मिळत नाही." दोन्ही कमेंटना शेकड्यांनी लाइक. म्हणून आज बसलोय.

सोप्या गोष्टी भराभर उरकतो. पक्ष एकच, १९४९ पासून तोच सत्तेत. पण सगळे चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य नसतात. सदस्य दहा कोटींच्या थोडे वर, लोकसंख्या १४१ कोटी, म्हणजे चौदा माणसांत एक. वय १८ पूर्ण, लेखी अर्ज, दोन जुन्या सदस्यांची शिफारस, मग एक वर्ष उमेदवारी. दर महिन्याला वर्गणी: पगार ३,००० युआनपर्यंत असेल तर अर्धा टक्का, १०,००० च्या वर गेला की दोन टक्के. शहरातली सगळी जमीन सरकारची, खेड्यातली गावाच्या सामूहिक मालकीची. शहरात फ्लॅट घेतला तर भिंती तुमच्या, खालच्या जमिनीचा हक्क ७० वर्षांचा. मुदत संपली की तो आपोआप वाढेल असं २००७ च्या कायद्यात आलं, आता तेच नागरी संहितेत आहे, फक्त त्यासाठी पैसे किती लागतील ते सांगितलेलं नाही. झालं.

आता मार्कांचं. देशभर लागू असा माणसागणिक स्कोअर चीनमध्ये नाही. काही शहरांनी गुणांचे प्रयोग केले, पण जो खरोखर चावतो तो प्रकार वेगळा आहे. कोर्टानं पैसे भरायला सांगितले आणि ऐपत असूनही तुम्ही भरले नाहीत, तर सर्वोच्च न्यायालयाच्या कर्जबुडव्यांच्या यादीत नाव लागतं. ही यादी २०१३ पासून आहे. नाव लागलं की विमानाचं आणि वेगवान रेल्वेचं तिकीट बंद, पैसे भरले की नाव निघतं. शेजाऱ्याशी भांडलात म्हणून रेल्वे बंद होत नाही. कृपा करून ते फॉरवर्ड आता थांबवा.

ज्या गोष्टीनं सामान्य चिनी माणसाचं आयुष्य खरोखर आखलं जातं, तिच्याबद्दल मात्र कमेंटमध्ये कुणी विचारत नाही. ती गोष्ट म्हणजे एक छोटी, काळपट तांबड्या कव्हरची पुस्तिका. हुकौ. उच्चार खरं तर 'हूखौ'च्या जवळचा आहे, पण आपण हुकौच म्हणू.

हुकौ म्हणजे कुटुंबाची नोंद. ती पोलिस चौकीत होते, प्रत्येक माणसाला एक पान. नाव, जन्म, शिक्षण, लग्न झालंय की नाही, कुटुंबप्रमुखाशी नातं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नोंद कुठली. आपलं रेशनकार्ड आणि डोमिसाइल एकत्र शिवलं आणि ते बदलून घेणं सातबारावर नाव चढवण्यापेक्षा दसपट अवघड करून ठेवलं, तर जे होईल ते.

याचा कम्युनिझमशी काय संबंध? थेट आहे. १९५३ पासून सरकारनं धान्याची खरेदी-विक्री आपल्याच हातात घेतली. शेतकऱ्याकडून स्वस्तात घ्यायचं, शहरातल्या कारखान्यांच्या कामगारांना स्वस्तात द्यायचं, आणि मधल्या फरकावर अवजड उद्योग उभे करायचे. ही योजना चालायची तर शेतकरी शेतावरच थांबला पाहिजे. तो शहरात आला तर धान्य पिकवणारा एक कमी आणि स्वस्त धान्य खाणारा एक जास्त. म्हणून जानेवारी १९५८ मध्ये हुकौचा कायदा आला आणि माणसांचे दोन भाग पडले, शेतीवाले आणि बिगरशेतीवाले. बिगरशेतीवाल्याला धान्याची कुपनं, कारखान्यातर्फे घर, दवाखाना, पेन्शन. शेतीवाल्याला गावच्या कम्युनमध्ये, म्हणजे सामूहिक शेतीत, पिकेल त्यातला वाटा. पुढच्याच वर्षी दुष्काळाची साखळी सुरू झाली, आणि तोंडात घास पडणार की नाही हे या पुस्तिकेवर ठरलं.

कुपनांचा जाच तर औरच. एका प्रांताचं कुपन दुसऱ्या प्रांतात चालत नसे. परगावी हॉटेलात नूडल्सची वाटी खायची तरी पैशासोबत देशभर चालणारं वेगळं कुपन लागे, आणि ते मिळवायला कामाच्या ठिकाणाहून पत्र आणावं लागे. १९५५ ला सुरू झालेली ही कुपनं १९९३ पर्यंत टिकली. कम्युन गेल्या, कुपनं गेली. पुस्तिका राहिली.

आता तो मुद्दा, जिथं हमखास सगळे घसरतात. "म्हणजे चिनी माणसाला परवानगीशिवाय गाव सोडता येत नाही ना?" नाही हो! गाव सोडता येतं. २०२० च्या जनगणनेत ३७.५८ कोटी माणसं आपल्या हुकौचं ठिकाण सोडून दुसरीकडे राहत होती. हुकौ पाय बांधत नाही. तुम्ही जिथं पोचलात तिथं तुम्हाला काय मिळणार, तेवढं तो ठरवतो. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण मी ते पुन्हा पुन्हा आपटणार आहे.

पूर्वी पाय बांधलेलेही होते, हे मान्य. तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना खिशात नसेल तर पोलिस उचलून डांबत आणि गावी परत धाडत. २००३ मध्ये ग्वांगचौ शहरात सुन झिगांग या २७ वर्षांच्या डिझायनरला असंच उचललं, कोठडीत मारहाण झाली, तो गेला. देशभर इतका संताप उसळला की त्याच वर्षी ती पद्धत रद्द झाली. तेव्हापासून राहण्यावर बंदी नाही. मिळण्यावर आहे.

पहिली बाजू, शाळा. हनान प्रांतातलं जोडपं बीजिंगमध्ये पंधरा वर्षं काम करतंय, मूल तिथंच जन्मलं. सरकारी प्राथमिक शाळेत घालायचं तर आई-बापांची ओळखपत्रं, सगळ्यांचा हुकौ, निवास परवाना, भाड्याच्या घराचा पुरावा, नोकरीचा आणि सामाजिक विम्याचा पुरावा, एवढी चळत लागते. अडतं बहुतेक दोन ठिकाणी. घरमालक भाडेकरार नोंदवायला तयार नसतो, कारण मग कर भरावा लागतो. किंवा मालक कंपनीनं विमाच भरलेला नसतो. समजा हेही जमलं. पुढं काओखाओ, म्हणजे बारावीनंतरची ती जूनमधली प्रवेश परीक्षा, ७५० गुणांची. ती द्यायची हुकौच्या प्रांतात. इतर बऱ्याच प्रांतांनी अटी घालून बाहेरच्या मुलांना दार उघडलंय, पण बीजिंगमध्ये असं मूल फार तर व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी परीक्षा देऊ शकतं. विद्यापीठांच्या जागाही प्रांतवार वाटलेल्या असतात, त्यात राजधानीच्या मुलांचं फावतं आणि हनानसारख्या गर्दीच्या प्रांतात मारामारी होते. शिवाय बीजिंगची प्रश्नपत्रिका वेगळी. म्हणून ते मूल चौदा-पंधराव्या वर्षी आजी-आजोबांकडे, कधी न पाहिलेल्या 'आपल्या' गावी जातं. बीजिंगमध्ये राहू नको असं त्याला कुणी म्हटलं का? नाही.

"आमच्याकडे ऊसतोड कामगारांच्या मुलांचंही असंच होतं" अशी कमेंट येणार, ठाऊक आहे. शाळा सुटते, हे साम्य खरं. पण बीडचं पोर पुण्यात शिकून बारावीला पुण्यातूनच बसलं तर त्याला कायदा अडवत नाही. चीनमध्ये नियमच अडवतो.

दुसरी बाजू, आजारपण आणि म्हातारपण. खेड्यातल्या माणसाचा आरोग्य विमा सहसा त्याच्या गावच्या जिल्ह्यात असतो. वर्षाचा हप्ता २००३ मध्ये १० युआन होता, २०२५ साठी ४०० झाला. हा विमा घेऊन शांघायच्या इस्पितळात भरती व्हायचं तर आधी ॲपवर 'परगावी उपचार' अशी नोंद करायची. ती राहिली की आधी सगळं बिल खिशातून भरा, मग कागदांचा गठ्ठा घेऊन गावच्या कार्यालयात जा, आणि परतावाही कमी. पेन्शनचं गणित थोडं वेगळं आहे, इथं गल्लत करू नका. ती नोकरीच्या करारावर ठरते. करार करून विमा भरणाऱ्याला निवृत्तीनंतर सरासरी महिना ३,००० युआनच्या वर मिळतात. करार नसलेला बांधकाम मजूर गावच्या योजनेत जातो. तिथं सरकारी मूळ रकमेची किमान पातळी २०२५ मध्ये १४३ युआन झाली, आपले साधारण १,७०० रुपये. आणि करार नसलेल्यांत गावाकडच्या हुकौवाल्यांचीच भरती मोठी. शहरात काम केलं, म्हातारपण मात्र गावच्या दरानं.

तिसरी बाजू उलटी आहे. गावचा हुकौ हे नुसतं ओझं नाही, ती मालमत्ताही आहे. गावच्या सामूहिक संस्थेचा सदस्य म्हणून शेतीचा करार मिळतो (सध्याचा ३० वर्षांचा, तो संपला की आणखी ३० वर्षं वाढवून मिळणार) आणि घर बांधायला जागा मिळते. शहरातला माणूस कितीही पैसेवाला असो, त्याला खेड्यातली ही घराची जागा विकत घेता येत नाही. त्यामुळं छोट्या शहरानं "या, आमचा हुकौ घ्या" म्हटलं तरी लोक सरसावत नाहीत. जमीन सोडण्याची अट घालता येणार नाही असं २०१८ ची कायदादुरुस्ती सांगते. पण ज्याच्या आजोबांनी कम्युन पाहिली, तो कागदावर किती भरवसा ठेवील?

"पण २०१४ मध्ये शेती-बिगरशेती भेद रद्द केला ना?" अगदी बरोबर. पुस्तिकेवरचा तो शिक्का गेला, आता सगळे 'रहिवासी'. पण कुठले रहिवासी, हे राहिलंच. ३० लाखांखालच्या शहरांनी निर्बंध काढावेत असं २०१९ मध्ये ठरलं. ज्या शहरांत जायला रांग लागते, ती यात बसतच नाहीत.

बीजिंगचा हुकौ मिळवायचा तर गुणांची पद्धत आहे, २०१८ पासून. निवास परवाना हवा, सलग सात वर्षं सामाजिक विमा भरलेला हवा, निवृत्तीचं वय उलटलेलं नको, गुन्ह्याची नोंद नको. मग पदवी, घर, नोकरीचे गुण. सलग या शब्दावर बोट ठेवा, नोकरी बदलताना पडलेला खंड इथं महागात जातो. पहिल्या वर्षी ६,०१९ जण पात्र ठरले. शहरात हुकौ नसलेले किती? २०२० च्या जनगणनेत ८४ लाखांच्या आसपास.

तर मार्क देणारं सरकार शोधत होता ना, ते हे घ्या.

जाता जाता लग्नाचं, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नोंदणीच्या वेळी ही पुस्तिका दाखवावीच लागायची आणि ती असायची आई-बापांच्या कपाटात. स्थळ पसंत नसलं की पुस्तिका कुलूपबंद! 'पुस्तिका चोरून लग्न' हा तिथं नेहमीचा विषय होता. १० मे २०२५ पासून नुसत्या ओळखपत्रावर नोंदणी होते. मूल झालं की मात्र पुन्हा पुस्तिका. १९९८ पर्यंत मुलाला आईचाच हुकौ लागायचा, बाप शांघायचा असला तरी. आता दोघांपैकी एकाचा निवडता येतो. ज्या ठिकाणची पहिली नोंद, तिथला सहा आकडी क्रमांक बाळाच्या अठरा आकडी ओळख क्रमांकाच्या सुरुवातीला बसतो. पुढं हुकौ कुठंही हलवला तरी ते सहा आकडे बदलत नाहीत.