हापूसची पेटी आणि क्रेडिट कार्ड

(रत्नागिरी परिसरातल्या आंबा बागायतदारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते स्वतःच्या वेबसाइटवर आंबा विकताना कार्डाने पैसे कसे घ्यायचे यावर. आत येताना दारातच दोघातिघांनी विचारलं, गेटवे, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे घेऊन आपल्या खात्यात पोचवणारी कंपनी, कुठली घ्यायची? ते आधी उरकून टाकतो. रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेला कुठलाही पेमेंट अ‍ॅग्रिगेटर (गेटवेचं सरकारी कागदावरचं नाव) चालेल. या कंपन्यांसाठी 2020 च्या मार्चमध्ये नियम आले. तेव्हापासून गिऱ्हाइकाचे पैसे त्यांना एस्क्रो खात्यात वेगळे ठेवावे लागतात, स्वतःच्या धंद्यात फिरवता येत नाहीत. परवानगीची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. तिथे नाव बघा, दर विचारा, फोन कोण उचलतो ते बघा आणि मोकळे व्हा. गेटवे निवडण्यात कुणाचा हंगाम बुडत नाही. हंगाम बुडतो तो कार्डाचे पैसे खात्यात आले की ते आपले झाले, असं धरून चालल्यामुळे.

दादरच्या बाजारात पेटी दिली, नोटा मोजून खिशात घातल्या, व्यवहार संपला. कार्डाचं तसं नाही. गिऱ्हाईक आपल्या बँकेला सांगू शकतं की माल आलाच नाही, किंवा सांगितला तसा नव्हता. मग ती रक्कम तुमच्याकडून परत ओढली जाते. याला चार्जबॅक म्हणतात. बऱ्याच कारणांसाठी ही मुदत 120 दिवसांपर्यंत असते. आता हिशोब करा. मे महिन्यात गेलेल्या पेटीवर ऑगस्टमध्ये तक्रार येऊ शकते. तेव्हा बागेत आंबा नाही, पेटी नाही, पेंढाही नाही. पुरावा म्हणून तुमच्याकडे काय उरणार?

आणि आपल्या मालात साका आहे. बाहेरून फळ सोन्यासारखं, कापलं की आत पांढरट, आंबट गर. पेटी भरताना तो तुम्हालाही दिसत नाही, मलाही नाही. पुण्यातल्या गिऱ्हाइकाला साका म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. तो म्हणणार, सडका आंबा पाठवला. म्हणून विक्रीच्या पानावर, किमतीच्या खालीच, लिहून टाका: हापूसमध्ये साका निघू शकतो, निघाल्यास कापलेल्या फळाचा फोटो 48 तासांत पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत देऊ. असं लिहिल्याने विक्री कमी होईल असं काही जणांना वाटतं. मला उलट वाटतं. ज्याला तुमच्याकडून दोन दिवसांत दोनशे रुपये परत मिळतात, तो अख्ख्या पेटीसाठी बँकेत जात नाही. पेटी बंद करण्याआधी ऑर्डर नंबरच्या चिठ्ठीसह एक फोटो, कुरिअरची पावती आणि पोचल्याची नोंद एवढं ठेवा, निदान दिवाळीपर्यंत. चार्जबॅक आला की उत्तराला थोडेच दिवस मिळतात आणि उत्तर दिलं नाही तर तुम्ही हरलात.

बऱ्याच चार्जबॅकमागे भांडण नसतंच, फक्त नाव ओळखीचं नसतं. आपल्याकडे बाग सातबाऱ्यावर आजोबांच्या नावे, बँक खातं भावाचं, वेबसाइटचं नाव तिसरंच. गिऱ्हाइकाच्या कार्डाच्या महिन्याच्या हिशोबात कुठल्यातरी ट्रेडर्सच्या नावे तीन हजार दिसतात. घरात कुणी आंबे मागवले होते हे आठवत नाही आणि तो बँकेला फोन लावतो. गेटवेच्या अर्जात हिशोबावर दिसणारं नाव विचारतात, तिथे दुकानाचंच नाव द्या. तसंही पॅन, बँक खातं आणि अर्जातलं नाव जुळलं नाही तर अर्ज तिथेच अडकतो. वेबसाइटवर पत्ता, फोन, परताव्याचे नियम, माल पोचवण्याचे नियम आणि गोपनीयतेचं पान नसेल तरी अडकतो. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नावही लावावं लागतं. तो अधिकारी तुम्ही स्वतः असलात तरी चालतं. तक्रार मिळाल्याचं 48 तासांत कळवायचं आणि महिन्याभरात ती निकाली काढायची.

जीएसटीचं थोडक्यात. ताजा आंबा करमुक्त आहे आणि फक्त करमुक्त मालच विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही. पण वेबसाइटवर आंबापोळी नाहीतर बाटलीतला रस ठेवलात आणि बेळगावहून एक ऑर्डर घेतलीत, की करपात्र माल राज्याबाहेर गेला. तिथे उलाढाल किती हे विचारत नाहीत, नोंदणी लागते. आंबापोळी चढवण्याआधी सीएला फोन करा.

आता कार्डाकडे. कार्डाचा नंबर तुमच्या वेबसाइटला दिसताच कामा नये. गिऱ्हाईक 'पैसे भरा' दाबतं, तिथून पुढचं पान गेटवेचं. नंबर, सीव्हीव्ही, ओटीपी सगळं तिकडे. 1 ऑक्टोबर 2022 पासून कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क सोडून कुणालाही कार्डाचा नंबर साठवता येत नाही, त्याच्या जागी टोकन, म्हणजे एक बदली नंबर असतो. एखादा ओळखीचा पोरगा म्हणाला की मी आपल्याच पानावर कार्डाचा फॉर्म बनवून देतो, पानभर छान दिसेल, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

खरी गळती व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. इथल्या निम्म्या लोकांच्या फोनमध्ये गिऱ्हाइकाने पाठवलेला कार्डाचा फोटो असेल, पुढून आणि मागून. 'दादा, तुम्हीच भरा ना, मला जमत नाही.' मग ओटीपीही येतो. माणूस विश्वासाने पाठवतो, पण उद्या त्या कार्डावर काही गफलत झाली तर पहिला संशय तुमच्यावर. फोटो आला की पुसायचा आणि पेमेंट लिंक पाठवायची. काकू वयस्कर असोत, नातेवाईक असोत, अपवाद नाही.

आता पैशाचा प्रवास बघा, कारण गोंधळ इथे होतो. समजा पेटी 3,000 रुपयांची आहे. गेटवेचा दर 2 टक्के धरला तर 60 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 10 रुपये 80 पैसे. तुमच्या खात्यात 2,929 रुपये 20 पैसे येणार, तेही साधारण दोन कामकाजाच्या दिवसांनी. पैसे परत केलेत तर गिऱ्हाइकाला पूर्ण 3,000 जातात आणि ते 70 रुपये 80 पैसे बहुतेक गेटवे तुम्हाला परत देत नाहीत. यूपीआयवर बँक खात्यातून आलेल्या पैशाला 2020 पासून व्यापारी शुल्क शून्य आहे. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेलं असेल तर हिशोब वेगळा, तो दर गेटवेकडून लिहून घ्या.

गिऱ्हाईक डोंबिवलीहून लोकलमध्ये ऑर्डर देतंय. ओटीपी टाकला, बँकेने पैसे कापले आणि तेवढ्यात नेट गेलं. तुमच्या वेबसाइटला काहीच कळलं नाही. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा पैसे भरतं, मग चिडून फोन करतं. यावर उपाय म्हणजे वेबहुक. गिऱ्हाइकाच्या फोनवर अवलंबून न राहता गेटवेचा सर्व्हर थेट तुमच्या सर्व्हरला कळवतो की पैसे आले. वेबसाइट बनवणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. वेबहुक लावलंय का? आलेल्या निरोपाची सही तपासता का, की कुणीही खोटा निरोप पाठवला तरी पेटी सुटते? आणि एकच निरोप दोनदा आला तर दोन पेट्या सुटतील का? चौथी माझी भर: रक्कम सर्व्हरवर मोजता की गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमधून घेता? ब्राउझरमधून घेत असाल तर 3,000 चे 3 करायला कॉलेजातल्या पोराला पाच मिनिटं लागतात. पैसे कापले गेले पण तुमच्याकडे पोचल्याची खात्री आली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पाच दिवसांत ते आपोआप परत जायला हवेत, उशीर झाला तर रोजचे 100 रुपये भरपाई. हे फोनवर शांतपणे सांगता आलं की निम्मी चिडचिड ओसरते.

फेब्रुवारीत मोहोर बघून पूर्ण पैसे घेऊन बुकिंग करायचं, यावर माझं मत स्पष्ट आहे: कार्डावर करू नका. 'पैसे नुसते अडवून ठेवू, पेटी गेली की कापू' हेही चालत नाही, ती अडवणूक काही दिवसच टिकते. दोन महिने माल न देता पैसे घेतलेत हे गेटवेला दिसतं आणि त्यांचा जोखीम विभाग तुमच्या खात्यात येणारे पैसे रोखतो. मधेच अवकाळी पाऊस आला, थ्रिप्स किडीने मोहोर जाळला, की परतावे तुमच्या खिशातून. नाव, फोन आणि डझन लिहून घ्या, फार तर थोडी रक्कम घ्या. अढीतला आंबा पेटीत भरायची वेळ आली की लिंक पाठवा. दुसरं, तुमचं खातं दहा महिने झोपलेलं असतं आणि एप्रिलमध्ये एकदम लाखांची उलाढाल होते. गेटवेच्या संगणकाला हा घोटाळा वाटतो. मार्चमध्येच गेटवेला मेल टाका की धंदा हंगामी आहे, अपेक्षित उलाढाल एवढी, सोबत गेल्या वर्षीची बिलं.

(शेवटी एका बागायतदाराने विचारलं: दुबईचा मुलगा ठाण्यातल्या आईला पेटी पाठवतो, त्याचं कार्ड चालेल का?)

चालेल, पण ते गेटवेकडून वेगळं सुरू करून घ्यावं लागतं आणि दरही जास्त असतो. मुद्दा वेगळा आहे. भारतातल्या कार्डाला ओटीपी लागतो. ओटीपीने झालेल्या व्यवहारात 'हे मी केलंच नाही' असं कुणी म्हटलं तर जबाबदारी सहसा कार्ड देणाऱ्या बँकेवर जाते. साक्याची तक्रार यात येत नाही, ती तुमचीच. परदेशी कार्ड बऱ्याचदा ओटीपीशिवाय चालतं, मग चोरीच्या कार्डावर गेलेली पेटी तुमच्या अंगावर. पहिल्या हंगामात परदेशी कार्ड बंदच ठेवा. दुबईच्या मुलाला सांगा, आईच्या फोनवर यूपीआयची लिंक पाठवतो, तू तिच्या खात्यात पैसे टाक. पुढच्या वर्षी सुरू कराल तेव्हा मोठ्या ऑर्डरला आधी फोन करायचा, आणि एकाच दिवशी एकाच पत्त्यावर चार वेगवेगळ्या कार्डांनी पेट्या मागवल्या असतील तर माल थांबवायचा.

दुकान उघडण्याआधी स्वतःच्या कार्डाने एक रुपयाची खरी ऑर्डर द्या, ती रद्द करा आणि रुपया किती दिवसांनी परत येतो ते बघून ठेवा. गिऱ्हाईक तेच विचारणार आहे.