न झालेल्या उपोषणाची गोष्ट

अध्यक्षमहाराज, आणि एवढ्या पावसात छत्र्या सांभाळत आलेल्या मंडळींनो,

पत्रिकेवर विषय छापलाय, 'ग्विन्वोर एव्हान्स आणि न झालेलं उपोषण'. मला चाळीस मिनिटं दिली आहेत. त्यातली पाच हार-तुऱ्यात गेली, म्हणजे उरली पस्तीस. ग्विन्वोर हे ब्रिटनच्या पश्चिमेकडच्या वेल्स देशाचे पुढारी; वेल्श भाषेच्या दूरचित्रवाहिनीसाठी ते आमरण उपोषणाला बसणार होते. आधी उच्चाराचं बघू. वेल्श लिपीत एक 'एफ' असला की त्याचा 'व' होतो, 'फ' हवा असेल तर दोन 'एफ' लिहावे लागतात. म्हणून ग्विन्वोर. त्यांचा पक्ष प्लाइड कम्री, म्हणजे 'वेल्सचा पक्ष'. कम्री हे त्या लोकांनी स्वतःच्या देशाला दिलेलं नाव. 'वेल्स' हा इंग्रजांचा शब्द, आणि त्याच्या मुळाशी अर्थ आहे 'परके'. घरात घुसलेल्याने घरमालकालाच पाहुणा म्हणावं, त्यातला प्रकार. असो.

माणूस १९१२ सालचा, बॅरी नावाच्या बंदराच्या गावचा. वेल्सच्या दऱ्यांतला कोळसा या बंदरातून जगभर जायचा. वडिलांचं तिथे मोठं दुकान, आणि घरात बोलणं सगळं इंग्रजीत. हे लक्षात ठेवा. पुढे ज्याने वेल्श भाषेसाठी जीव पणाला लावला, त्याला लहानपणी ती धड येत नव्हती. तरुणपणी त्याने ती मेहनतीने शिकून घेतली. पहिल्या रांगेतल्या काही आईबाबांनी आत्ता एकमेकांकडे बघितलं, ते मी पाहिलंय. घाबरू नका, तुमची मुलंही शिकतील, फक्त तुम्ही त्यांच्याशी मराठीत बोला.

पुढे कायदा शिकले, ॲबेरिस्टविथ आणि मग ऑक्सफर्डला. शिकून काय केलं? टोमॅटो लावले! लान्गादोग नावाच्या खेड्यात काचघरं उभारून भाजीपाला पिकवायला लागले. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र धरायला नकार दिला. गांधींना मानणारा माणूस. १९४५ साली पक्षाचे अध्यक्ष झाले ते १९८१ पर्यंत. छत्तीस वर्षं! त्यातली पहिली एकवीस वर्षं पक्षाचा एकही खासदार नव्हता.

आता त्रिवेरिनचं सांगतो. यात वेळ जाणार हे मला ठाऊक आहे, पण हे सांगितल्याशिवाय मी पुढे जाऊच शकत नाही. माझं आजोळ उजनीच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक फोटो काढायला जातात. माझी आई एकदाच गेली. देवळाकडे तिने पाहिलंही नाही. चिखलात उभी राहून एका दिशेला बोट करून म्हणाली, "तिथे आपली चिंच होती." तिथे काहीच नव्हतं. म्हणून वेल्सच्या इतिहासात मी पहिल्यांदा कापेल केलिन हे नाव वाचलं, तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं.

बाला गावाजवळ त्रिवेरिन नदीचं खोरं. त्यात कापेल केलिन, एवढंसं गाव. बारा घरं आणि शेतवाड्या, शाळा, टपाल कचेरी, प्रार्थनामंदिर, दफनभूमी. सगळा व्यवहार वेल्शमध्ये. इंग्लंडातल्या लिव्हरपूल महापालिकेला पाणी हवं होतं. त्यांनी काय युक्ती केली पाहा. स्थानिक नियोजन समितीकडे गेले असते तर वेल्सच्या माणसांची परवानगी लागली असती. म्हणून त्यांनी थेट लंडनच्या संसदेत खास विधेयक आणलं. १९५७ साली ते मंजूर झालं. वेल्सचे खासदार छत्तीस. त्यांतल्या एकानेही बाजूने मत दिलं नाही, तरी मंजूर! संख्याच अशी की तुम्ही सगळे एक झालात तरी तुमचं काही चालत नाही.

त्याआधी १९५६ च्या नोव्हेंबरात ग्विन्वोर लिव्हरपूलच्या सभागृहात जाऊन उभे राहिले आणि बोलायला लागले. नगरसेवकांनी आरडाओरडा केला, बाकं बडवली, आणि शेवटी त्यांना बाहेर काढलं. त्याच महिन्यात गावकरी पोराबाळांसकट फलक घेऊन लिव्हरपूलच्या रस्त्यांवरून चालत गेले. विचार करा, आपण खेड्यातली माणसं, आणि ज्या शहराला आपलं पाणी प्यायचंय त्याच शहरात आपण "आमचं घर बुडवू नका" म्हणत फिरतोय.

घर बुडालंच. खोऱ्यातल्या सदुसष्ट रहिवाशांपैकी अठ्ठेचाळीस जणांची घरं गेली. २१ ऑक्टोबर १९६५ ला धरणाचं उद्घाटन होतं. निदर्शकांनी माइकच्या तारा कापल्या आणि समारंभ काही मिनिटांत उरकावा लागला. (नाही, नाही, इथला माइक आपोआपच खरखरतोय, माझा संशय घेऊ नका.) त्याच काळात रस्त्याकडेच्या एका पडक्या भिंतीवर कुणीतरी दोन शब्द रंगवले, 'कोविउख द्रिवेरिन', त्रिवेरिन विसरू नका. ती भिंत आजही आहे. कुणी पुसतं, कुणी परत रंगवतं. लिव्हरपूल महापालिकेने माफी मागितली, पण २००५ साली, चाळीस वर्षांनी.

आणि गंमत अशी की गाव वाचवू न शकलेला माणूस पुढच्याच वर्षी निवडून आला. कार्मार्थन मतदारसंघाच्या खासदार लेडी मेगन लॉइड जॉर्ज वारल्या म्हणून तिथे १४ जुलै १९६६ ला पोटनिवडणूक झाली. मार्चच्या सार्वत्रिक निवडणुकीत ग्विन्वोर तिसरे होते. जुलैत मजूर पक्षाला २,४३६ मतांनी हरवून प्लाइड कम्रीचे पहिले खासदार झाले. संसदेत शपथ वेल्शमध्ये घेऊ द्या म्हणाले, तर परवानगी मिळाली नाही. १९७० ला पडले. फेब्रुवारी १९७४ ला पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा पडले. किती मतांनी? तीन! मोजणी, फेरमोजणी, परत फेरमोजणी, आणि शेवटी तीन.

तीन मतांचं दुःख काय असतं, ते मला विचारा. आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत मी सचिवपदाला दोन मतांनी पडलो. दोन! वर्षभराने तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या सख्ख्या काका-काकूंनी कबूल केलं की ती दोन त्यांचीच. मी म्हटलं, काका, का हो? म्हणाले, "अरे, तू निवडून आला असतास तर टाकीचं पाणी का येत नाही यावर रोज तासभर व्याख्यान ऐकावं लागलं असतं." तुम्ही हसताय, पण काकांना टाळी द्या, माणूस दूरदर्शी होता. ग्विन्वोर मात्र ऑक्टोबर १९७४ ला ३,६४० मतांनी परत आले, आणि १९७९ ला परत पडले.

चिठ्ठी आली. 'सर, दहा मिनिटं.' अहो, उपोषण तर अजून सुरूच व्हायचंय! नाही, ते सुरू झालंच नाही, तोच तर विषय आहे. घाई करतो.

१९७९ हे वाईट साल. मार्चमध्ये वेल्सला स्वतःची विधानसभा हवी का, यावर सार्वमत झालं. 'हो' म्हणणाऱ्या एकामागे चार जण 'नको' म्हणाले. मे महिन्यात थॅचरबाई आल्या. त्यांच्या जाहीरनाम्यात वेल्श दूरचित्रवाहिनीचं वचन होतं. सप्टेंबरात गृहमंत्री व्हाइटलॉ यांनी ते मोडलं. कार्यकर्ते टीव्हीचा परवाना घ्यायचं नाकारू लागले. तीन नामवंत विद्वानांनी तर एका प्रक्षेपण केंद्रात घुसून यंत्रणा बंद पाडली. आणि मे १९८० मध्ये ग्विन्वोर यांनी जाहीर केलं, वचन पाळलं नाहीत तर ६ ऑक्टोबरपासून मरेपर्यंत अन्न घेणार नाही.

माझा मुद्दा एवढाच, आणि हाच सांगायला मी आलो होतो. आपल्याकडे उपोषण 'उद्या सकाळपासून' सुरू होतं आणि परवा मोसंबीच्या रसाने सुटतं. साने गुरुजी पंढरपूरला बसले ते वेगळं, त्या वाटेचे लोक कमी. ग्विन्वोर यांनी तारीख दिली ती पाच महिने पुढची, म्हणजे भिण्याचं काम सरकारवर टाकलं. दुसरं, मागणी छोटी. स्वतंत्र राज्य मागितलं नाही. सरकारनेच छापलेलं वाक्य सरकारने पाळावं, बस्स. तिसरं, सरकारला माघार घ्यायला वाट ठेवली. वेल्सचे आर्चबिशप, माजी मंत्री क्लेडविन ह्यूज आणि सर गोरोन्वी डॅनियल असे तीन वडीलधारे व्हाइटलॉना जाऊन भेटले. या तिघांचं ऐकण्यात गृहमंत्र्याची नामुष्की नव्हती. आणि चौथं, जे शिकवून येत नाही. तीन मतांनी पडूनही परत उभा राहणारा हा माणूस. हा खरंच मरेल, अशी लंडनमधल्यांचीही खात्री झाली होती.

१७ सप्टेंबरला सरकारने माघार घेतली. आता मजा ऐका. १० ऑक्टोबरला, म्हणजे जे उपोषण झालंच नाही त्याचा पाचवा दिवस असता, त्या दिवशी ब्रायटनला पक्षाच्या अधिवेशनात थॅचरबाईंनी ते गाजलेलं वाक्य टाकलं, की तुम्हाला वळायचं तर वळा, ही बाई वळणारी नव्हे. टाळ्या कडकडल्या. तिथे कुणी वेल्श माणूस असेल तर त्याने खोकला काढला असेल.

१ नोव्हेंबर १९८२ ला वाहिनी सुरू झाली. पहिल्याच रात्री पडद्यावर 'सुपरटेड' नावाचं एक अस्वल आलं, अंगात लाल पोशाख, पाठीवर झूल, आणि वेल्शमध्ये बोलायला लागलं. ग्विन्वोर तेव्हा सत्तर वर्षांचे होते.

हो हो, दिसली चिठ्ठी. दिवे घालवू नका, माझा चष्मा इथेच कुठेतरी आहे.