हाडांना खुर्ची नको
(बेळगावात टिळकवाडीतील, डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पालक मेळाव्यात एका फिजिओथेरपिस्टने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. निपाणी, खानापूर, चिक्कोडीहून पावसात बस धरून आलात, बरोबर मुलांनाही आणलंत, फार बरं वाटलं. मुलांना इकडेतिकडे पळू द्या, मला त्रास होत नाही. उलट आजचा विषयच तो आहे.

पत्रिकेत कंपन-व्यायाम छापलंय. त्यावर येतेच. आधी खुर्चीबद्दल बोलू द्या.

खानापूर तालुक्यातली चौदा वर्षांची एक मुलगी माझ्याकडे येते. डाऊन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मतःच एक गुणसूत्र जास्तीचं. शाळेत पीटीचा तास लागला की पोरं मैदानात आणि हिला वर्गाच्या दारात खुर्ची. मांडीवर सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या. आई विचारायला गेली तर उत्तर काय, "पडली तर जबाबदार कोण?" घरी आजी म्हणते, "बस गं बाळा, दमशील." बसमध्ये लोक उठून जागा देतात. सगळे प्रेमानेच वागतात हो, पण पोर दिवसभर बसूनच! मला याचा फार राग येतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम 16 सांगतं की शाळेने या मुलांना खेळाची संधी इतरांच्या बरोबरीने द्यायची. त्या पानाची झेरॉक्स मी आईच्या हातात दिली. पुढच्या खेपेला मुलगी दारातूनच ओरडली, "लंगडी खेळले!" गुडघा खरचटलेला, त्यावर हळद. एका पायावर तोल राहत नाही, ती दोन्ही पायांनी उड्या मारते. पण पोरी तिला आऊट देत नाहीत. टाळ्या त्या पोरींसाठी वाजवा.

राग का, ते सांगते. हाडावर भार पडला की ते घट्ट होतं, भार गेला की विरळ होतं. युलियस वोल्फ या जर्मन शल्यवैद्याने हे 1892 मध्येच मांडलं. हाडांचा बहुतेक साठा विशीपर्यंत भरतो. आपल्या मुलांचे स्नायू सैल, सांधे ढिले, हालचाल कमी, अनेकांना थायरॉईडचा त्रास, त्यात नवं हाड बनण्याचा वेगही कमी. म्हणून हीच वर्षं मोलाची. नाचणीची भाकरी, आंबील जरूर द्या, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण नुसतं खाऊन बसून राहिलं तर त्याचा पुरता उपयोग होत नाही. थायरॉईड दरवर्षी तपासा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर कंपन.

थरथरणाऱ्या फळीवर गुडघे किंचित वाकवून उभं राहायचं. फळी सेकंदाला 25-30 वेळा हलते, स्नायू आपोआप आवळतात-सुटतात आणि हाडाला बारीक बारीक भार मिळतो. 2001 मध्ये अमेरिकेतले संशोधक क्लिंटन रुबिन यांच्या गटाने मेंढ्यांना वर्षभर रोज 20 मिनिटं अशा सौम्य कंपनावर उभं केलं, तर मांडीच्या हाडाचा आतला जाळीदार भाग दाट झाला. पुढे स्पेनमधल्या झारागोझा विद्यापीठात डाऊन सिंड्रोमच्या किशोरवयीन मुलांना 20 आठवडे, आठवड्यातून तीनदा हा व्यायाम दिला. मिनिटभरापर्यंत उभं राहायचं, मग विसावा, पुन्हा उभं. हाडांतलं खनिज वाढलेलं दिसलं. गट लहान होता, म्हणून मी याला जोडव्यायाम मानते. ज्याला उड्या झेपत नाहीत, त्याला यातून सुरुवात करता येते. चालणं, जिना, राजहंसगडाची चढण बंद करून फळी आणू नका.

डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रे तपासणीत उंची कमी असलेल्या मुलाचं हाड आहे त्याहून विरळ दिसतं, तेव्हा रिपोर्ट बघून लगेच घाबरू नका, उंचीचा हिशेब धरला का ते विचारा.

आणि हे लिहूनच घ्या. डाऊन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे दोन मणके ढिले असू शकतात. फळीवर चढवण्याआधी डॉक्टरांकडून मान आणि हृदय तपासून घ्या. फिट येत असेल तरी आधी विचारा. हातापायांना मुंग्या, चालण्यात अचानक बदल, मान दुखणं, यातलं काहीही दिसलं तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कोलांटउड्या मान तपासल्याशिवाय नकोत. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त फळीवर सेकंदाला किती कंपनं आणि फळी किती मिलिमीटर हलते, हे छापलेलं नसेल तर घेऊ नका.

हं, मागच्या रांगेतल्या वहिनी, विचारा.