एकीची मावशी, एकाची आत्या

मंडळी, भायखळ्याची राणीची बाग तुम्ही पाहिलीच असेल. ती ज्या राणीची, त्या व्हिक्टोरियाची आई जर्मन, नवराही जर्मन, आणि दोघं एकाच घराण्यातली. साक्स-कोबुर्ग हे ते घराणं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे संस्थान इतकं कर्जात बुडालं होतं की हिशेब तपासायला जर्मन संस्थानांवरच्या सम्राटाला आयोग बसवावा लागला.

मग असल्या घरात मोठमोठ्या राजांनी सोयरीक का करावी? एक तर कुळ. राजाने बरोबरीच्या कुळातच लग्न करायचं, आणि अशी कुळं जर्मनीत गल्लोगल्ली. दुसरं कारण धर्म. इंग्लंडच्या 1701च्या कायद्याने कॅथलिकाशी लग्न करणाऱ्याचा गादीवरचा हक्क जात असे; ही अट 2015मध्ये गेली. रशियाला ऑर्थोडॉक्स पंथात येणारी सून हवी; कॅथलिक घराणी त्याला सहसा तयार नसत, लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट घराणी तयार होत. खुद्द सम्राज्ञी कॅथरीन अशाच एका छोट्या जर्मन संस्थानातून गेलेली.

या कॅथरीनने 1795मध्ये आपल्या नातवासाठी, कॉन्स्टंटिनसाठी, कोबुर्गच्या मुली बघायला बोलावल्या. आई तिघींना घेऊन सेंट पीटर्सबर्गला गेली. आपल्याकडे निदान मुलाकडचे पोहे खायला येतात. इथे मुलीच गाडीत घालून नेलेल्या. सतरा, सोळा आणि चौदा वर्षांच्या. पसंत पडली चौदाची युलियाने. 1796मध्ये लग्न झालं. नवरा तापट आणि क्रूर. 1799मध्ये ती माहेरी आली, तर माहेरच्यांना अब्रूची आणि पैशाची काळजी; परत जावं लागलं. 1801मध्ये मात्र ती आली ती कायमचीच. कायदेशीर घटस्फोट मिळायला 1820 उजाडलं.

या घराण्याच्या यशाचं श्रेय नेहमी तिच्या धाकट्या भावाला, लिओपोल्डला देतात. माणूस हुशार होता, वाद नाही. पण त्याला रशियन सैन्यात हुद्दा मिळाला तो बहिणीच्या लग्नामुळे, आणि तेही लहानपणीच. 1814मध्ये तो लंडनला गेला तो झारच्या लवाजम्यातून. तिथे त्याने इंग्लंडच्या गादीची वारस शार्लट मिळवली. 1816मध्ये लग्न, पुढच्याच वर्षी ती बाळंतपणात गेली. वारस हवा म्हणून राजाच्या प्रौढ मुलांची लग्नासाठी धावपळ सुरू झाली, आणि त्यातल्या एकाला लिओपोल्डची विधवा बहीण मिळाली. त्यांची मुलगी व्हिक्टोरिया, जन्म 1819. त्याच वर्षी लिओपोल्डच्या भावाला मुलगा झाला, अल्बर्ट. दोन्ही बाळंतपणं एकाच सुईणीने केली!

1831मध्ये लिओपोल्ड बेल्जियमचा राजा झाला. 1836मध्ये कॅथलिक झालेल्या शाखेतला एक पुतण्या पोर्तुगालच्या राणीला दिला. धर्माच्या बाबतीत हे घराणं मोठं सोयीस्कर होतं. 1840मध्ये व्हिक्टोरिया-अल्बर्टचं लग्न झालं. आपल्याकडे पुष्कळ समाजांत आतेभावाला मामाची मुलगी चालते. इथे उलट, आतेबहिणीला मामाचा मुलगा.

लिओपोल्ड व्हिक्टोरियाचा मामा, अल्बर्टचा काका. इंग्रजीत दोन्ही अंकलच, म्हणून हे नातं पटकन ध्यानात येत नाही. तशीच युलियाने: तिची मावशी, त्याची आत्या. ती स्वित्झर्लंडमध्ये बर्नजवळ एल्फेनाऊ नावाच्या घरात राहिली आणि 1860मध्ये तिथेच वारली.