उसनी कळशी

श्रोतेहो, नमस्कार.

आज माझ्या आजीविषयी बोलायचे आहे. ती गेली तेव्हा भेटायला आलेल्या बहुतेकांनी तिच्या त्यागाचे कौतुक केले. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण तो शब्द मला अपुरा वाटतो, कारण तिने तीन मुले वाढवली आणि पुढे आम्हा नातवंडांना सांभाळले ते हुशारीच्या, हिशेबाच्या आणि हातातल्या कसबाच्या बळावर.

शिवण ती सेवासदनात शिकली. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात उभ्या केलेल्या या संस्थेने किती घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, याची मोजदाद कुठे नसेल. आमचे घर मात्र त्यांतले एक आहे. आजोबांचा छापखान्यातला पगार महिनाअखेरीस पुरत नसे, म्हणून मुले निजल्यावर ती नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत पायमशीनवर परकर-पोलकी आणि शाळेचे गणवेश शिवत बसे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही फुटले आणि मुठेचे पाणी पेठांमध्ये शिरले. तिन्ही मुलांना घेऊन आजी पर्वतीकडे गेली. माझे वडील तेव्हा चार वर्षांचे होते आणि तिच्या कडेवर होते. पाणी ओसरल्यावर ती परतली, तेव्हा मशीन चिखलात रुतलेले होते. तिने ते पुरते खोलले, शटल, बॉबिनची डबी, दातेरी पट्टी असा एकेक भाग रॉकेलमध्ये बुडवून जुन्या धोतराच्या चिंध्यांनी पुसला, क्रम चुकू नये म्हणून ओळीने फळीवर मांडला, उन्हात वाळवला आणि तेल घालून पुन्हा जोडला. त्याच मशीनवर पुढे माझे पहिले झबले शिवले गेले.

पुराने शहर बुडाले आणि नंतर शहरालाच पाणी मिळेना, कारण पुण्याचे पिण्याचे पाणी खडकवासल्याहून येत असे. लोक पुन्हा वाड्यांतल्या जुन्या आडांकडे वळले. आमची भांडी वाहून गेली होती. तेव्हा सदाशिव पेठेतल्या एका वाड्यातल्या बाईंनी, फारशी ओळख नसताना, आजीला पाणी शेंदायला दोर आणि तांब्याची कळशी दिली आणि “नळ येईपर्यंत असू द्या तुमच्याकडे,” असे सांगितले.

आजीच्या जमाखर्चाच्या वहीत त्या दिवसांचे एक स्वतंत्र पान आहे. कोणी दोन पायली तांदूळ दिले, कोणी स्टोव्ह, कोणी मुलांना सदरे. प्रत्येक वस्तूपुढे घराची खूण लिहिलेली आहे, आणि फेड झाली की तिने त्या ओळीवर रेघ मारली आहे. शेवटची रेघ पडायला नऊ वर्षे लागली. तिचे बाळबोध अक्षर मी याच वहीतून वाचायला शिकले, आणि बेरजाही. परीक्षेच्या दिवसांत मी अभ्यासाला पहाटे उठले की ती माझ्याआधी उठून शिवायला बसलेली असे, म्हणजे मला एकटे वाटू नये. तिची दृष्टी मंदावल्यावर सुईत दोरा ओवण्याचे काम माझ्याकडे आले.

त्या पानावर एक ओळ रेघेवाचून राहिली आहे: “कळशी, तांब्याची, एक.” नळ सुरू झाल्यावर ती परत द्यायला गेली, तेव्हा ते कुटुंब पुणे सोडून गेले होते आणि कुठे गेले ते शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. दोर कुजून गेला. त्यानंतर कळशीत आजीने कधी स्वतःच्या घराचे पाणी भरले नाही. दर शनिवारी मात्र ती चिंचेने घासून, पुसून फळीवर पालथी घाली, मालकीण केव्हाही दारात उभी राहील अशा तयारीने.

आता दर शनिवारी ती कळशी मी घासते.